पंक्चर झालेल्या चाकाची निर्धोक दुरुस्ती

बैलाच्या पायांत कांटा मोडला असतां काय करावें, हें आपल्याकडे दहा वर्षांच्या मुलासही सांगावें लागत नाहीं. जनावरास सपाट जागीं आणावें, शांत करावें, पाय नीट धरावा आणि मग कांटा काढावा, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणीं पडलेला आहे. परंतु त्याच घरांतील मोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या चाकांत खिळा शिरला म्हणजे हा शहाणपणाचा क्रम आठवत नाहीं. जो तो प्रथम खिळ्याकडे धांवतो. चाक बदलतांना व पंक्चर काढतांना जे अपघात होतात, त्यांच्या मुळाशीं बहुधा हीच घाई असते.

पंक्चर झालेल्या चाकापाशीं आपणांस तीन गोष्टींशीं गांठ घालावी लागते: गाडीचा भार, चाकांत कोंडलेली हवा, आणि रबरास पडलेलें छिद्र. छिद्रानें कोणी मरत नाहीं. माणूस दगावतो तो भाराखालीं सांपडून किंवा कोंडलेल्या हवेच्या तडाख्यानें. म्हणून आधीं भार, मग हवा, शेवटीं छिद्र, हा क्रम कधींही मोडूं नये. प्रस्तुत पाठांत या तीन पायऱ्यांचें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बीड जिल्ह्यांत हा विषय केवळ मोटार बाळगणाऱ्या धनिकांचा राहिलेला नाहीं. गेवराई व माजलगांवकडील काळ्या रानांत कापूस आणि तूर निघाल्यावर उभीं राहिलेलीं धसकटें, बालाघाटच्या माळावरील बाभळीचा व बोरीचा कांटा, आणि रस्त्यांवर सांडलेले खिळे, हे टायराचे नित्याचे वैरी होत. त्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं येथून हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि फडांतून कारखान्याकडे ट्रॅक्टरामागें दोन-दोन ट्रॉल्या उसानें भरून रात्रंदिवस चालतात. तेव्हां चाक बसलें म्हणजे त्या चाकाभोंवतीं केवळ मालक नसतो. मजूर, त्यांच्या बायका व मुलें हींही असतात. या सर्वांच्या जिवाची जबाबदारी गाडीच्या धन्यावर येते, हें विसरून चालणार नाहीं.

चाक भार कसा पेलतें?

लांकडी चाकाचा भार आरे आणि लोखंडी धांव पेलतात. रबरी चाकाचा भार मुख्यत्वें आंत कोंडलेली हवा पेलते. हवेच्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें १८४५ सालींच नोंदविली होती. परंतु ती व्यवहारांत रुजली १८८८ सालीं, बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप याच्या हातून. हा गृहस्थ व्यवसायानें जनावरांचा डॉक्टर होता, आणि आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी व्हावे म्हणून त्यानें रबरी नळी करून तींत हवा भरली. त्याच्याच नांवावरून रबरी चाकांच्या बैलगाडीस आपल्याकडे ‘डनलॉपची गाडी’ असें म्हणण्याचा प्रघात पडला.

आतां थोडा हिशेब करूं. एखाद्या मोटारीचें वजन १२०० किलो आहे असें धरल्यास प्रत्येक चाकावर सुमारें ३०० किलो, म्हणजे ६६० पौंड भार येतो. चाकांत दर चौरस इंचास ३३ पौंड दाबाची हवा असेल, तर तो भार जमिनीशीं टेकलेल्या सुमारें २० चौरस इंच जागेवर तोलला जातो. ही जागा माणसाच्या पंजाएवढी असते. हवा गेली कीं हा तोल मोडतो; टायराच्या बाजूच्या पातळ भिंती दुमडतात आणि लोखंडी रिमखालीं चिरडल्या जातात. अशा स्थितींत गाडी थोडें अंतर चालविली तरी टायर आंतून कुजल्यासारखा होतो, जरी बाहेरून तो धडधाकट दिसला तरी.

पहिली पायरी : भार

चालतां चालतां चाक बसल्यास करकचून ब्रेक दाबूं नये. सुकाणूचें चक्र दोन्ही हातांनीं सरळ धरावें, वेग आपोआप उतरूं द्यावा आणि गाडी हळूहळू कडेस घ्यावी. मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटांत चाक बसलें तर वळणावर वा उतारावर थांबण्यापेक्षां सपाट व मोकळी जागा येईपर्यंत माणसाच्या चालीनें पुढें जावें. त्यांत टायर व रिम खराब होईल, हें खरें. परंतु टायर विकत मिळतो, आणि माणूस मिळत नाहीं.

गाडी थांबली कीं इशाऱ्याचे दिवे लावावे. मागें निदान पन्नास पावलांवर, आणि वळण असल्यास वळणाच्याही अलीकडे, चमकणारा त्रिकोण ठेवावा. तो नसेल तर कंदील वा विजेरी घेऊन एक शहाणा माणूस रस्त्याच्या बाहेर उभा करावा. रस्त्यावर दगड मांडून खूण करण्याची चाल घातक आहे. आपण निघून जातों, दगड तेथेंच राहतात आणि मागून येणाऱ्याच्या मरणास कारण होतात. गाडींतील सर्व माणसें उतरवून रस्त्यापासून दूर बसवावीं.

त्यानंतर पुढील क्रमानें काम करावें. हातब्रेक ओढावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्यें ठेवावी. बसलेल्या चाकाच्या तिरक्या समोरील चाकास पुढून व मागून लांकडी पाचर किंवा मोठा दगड लावावा. गाडी उचलण्यापूर्वींच चाकाचे नट पान्यानें अर्धा फेरा सैल करावे. गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती जॅकवरून घसरते. जॅक गाडीच्या कर्त्यानें नेमून दिलेल्या जागींच लावावा. जमीन मऊ असेल, आणि आपल्या काळ्या रानांत ती असतेच, तर जॅकखालीं हातभर लांबीची जाड फळी घालावी. गाडी उचलतांच स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखालीं सरकवावी. जॅक निसटलाच तर गाडी तिजवर टेकते आणि हातपाय वांचतात. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, तोलून धरण्याचें नव्हे. यास्तव केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीही डोकें वा खांदा घालूं नये.

भरलेल्या ट्रॉलीविषयीं याहून अधिक दक्षता पाहिजे. मोटारीचा जॅक ट्रॉलीस लावणें म्हणजे शेळीच्या मानेवर बैलाचें जूं ठेवणें होय. ट्रॉली व माल मिळून होणाऱ्या भारास पुरेल असाच जॅक आणावा. नसेल तर आधीं माल उतरावा. ट्रॅक्टर ट्रॉलीपासून सोडूं नये. त्याचें यंत्र बंद करून ब्रेक लावावा आणि जमिनीवरील सर्व चाकांस दोन्ही बाजूंनीं पाचरी द्याव्या. उचललेल्या आंसाखालीं जाड लांकडी ठोकळे आडवे-उभे रचून आधार द्यावा. विटा व दगड यांचा आधार घेऊं नये, कारण ते भाराखालीं अकस्मात फुटतात. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, ट्रॉलीखालच्या सावलींत वा आडोशाला कोणी निजलें नाहीं, मूल खेळत नाहीं, याची धन्यानें स्वतः वांकून खात्री करावी. हांक मारल्यानें ही खात्री होत नाहीं, कारण थकलेला मजूर हांकेनें जागा होत नाहीं.

दुसरी पायरी : हवा

मोटारीची स्टेपनी चढवून चाक गांवांतील दुकानीं दिलें म्हणजे आपलें काम संपलें असें वाटतें. परंतु दुसरा धोका तेथेंच सुरू होतो, विशेषतः मालमोटारीच्या व ट्रॉलीच्या चाकांत. यांतील पुष्कळ चाकांना टायर अडविण्यासाठीं एक सुटें लोखंडी कडें असतें. त्यास कारागीर लॉक रिंग म्हणतात. हें कडें खांचेंत नीट बसलें नसेल, गंजलें असेल, वांकडें असेल किंवा दुसऱ्याच मापाचें असेल, तर हवा भरतांना तें तोफेच्या गोळ्यासारखें उडतें.

यांत अतिशयोक्ति नाहीं. ज्या टायराचा आंतील व्यास २० इंच आणि बाहेरील सुमारें ४० इंच आहे, त्याच्या एका बाजूचें क्षेत्रफळ सुमारें ९४२ चौरस इंच भरतें. आंत दर चौरस इंचास १०० पौंड दाब असेल, तर त्या बाजूवर एकंदर ९४,२०० पौंडांचा, म्हणजे ४२ टनांहून अधिक रेटा पडतो. त्याचा मोठा वाटा रिमच्या कडेनें व त्या कड्यानें अडवून धरलेला असतो. कडें सुटल्यास समोर बसलेल्या मनुष्याची काय गत होईल, हें सांगणें नलगे. अमेरिकेंत अशा चाकांवर काम करणारांसाठीं १९८० सालीं सरकारी नियम झाले, ते याच कारणास्तव. हवा भरतांना चाक मजबूत लोखंडी पिंजऱ्यांत ठेवावें, नळी लांब असावी, तिचें टोंक व्हॉल्व्हास आपोआप धरून राहणारें असावें, आणि माणसानें फुटीच्या वाटेंत उभें राहूं नये, हें त्या नियमांचें सार आहे.

आपल्या शेतकऱ्यानें यांतून पुढील गोष्टी घ्याव्या.

पहिली गोष्ट, चाक खोलण्यापूर्वीं हवा पूर्ण सोडावी. नुसती व्हॉल्व्हाची सुई दाबून फुस्स आवाज थांबेपर्यंत वाट पाहणें पुरेसें नाहीं. व्हॉल्व्हाच्या आंतील गाभा चावीनें फिरवून बाहेर काढावा आणि बारीक तार घालून मार्ग तुंबलेला नाहीं हें पाहावें. मालमोटारीच्या जोडचाकांपैकीं एकच बसलें असलें तरी दोहोंतील हवा सोडूनच नट सैल करावे. कांहीं लहान गाड्यांचें रिम दोन भाग बोल्टांनीं जोडून केलेलें असतें. हे बोल्ट आणि चाकाचे नट निराळे होत. हवा भरलेली असतां चुकून हे बोल्ट सोडले तर दोन्ही भाग उसळून अंगावर येतात.

दुसरी गोष्ट, जो टायर हवा नसतां किंवा फार थोड्या हवेंत धांवला असेल, त्यांत तशीच हवा भरूं नये. उपर्युक्त नियमांत ठरीव दाबाच्या ८० टक्के वा त्याहून कमी दाबावर चाललेला टायर आधीं उतरवून तपासण्यास सांगितलें आहे. अशा टायराच्या भिंतींतील तारा वा धागे वारंवार दुमडून तुटलेले असतात, आणि दाब चढूं लागतांच भिंत उभी फाटते. चाक बसलें, दोन कोस तसेंच ओढलें, आणि दुकानीं जाऊन “जरा हवा मार” म्हटलें, ही रीत सोडली पाहिजे.

तिसरी गोष्ट, टायर चढविलेल्या रिमवर जोडकाम किंवा तापविण्याचें काम कधींही करूं नये. हवा सोडलेली असली तरी नाहीं. उष्णतेनें आंतील रबर व तेलकट पदार्थ यांची वाफ होऊन ती पेटते आणि टायर स्फोट होऊन फुटतो. टायराची कड रिमवर बसावी म्हणून पेट्रोल शिंपडून काडी लावण्याचा खेळ कोठें कोठें चालतो, तोही असाच प्राणघातक समजावा.

ट्रॅक्टरच्या मागील मोठ्या चाकांत पुष्कळदां वजनासाठीं पाणी भरलेलें असतें. तें शंभर लिटरांहून अधिक असूं शकतें. असें चाक एकट्यानें उतरवूं किंवा लोटूं नये. तें अंगावर कललें तर दोघांसही आवरत नाहीं. ट्रॅक्टर नीट आधारावर घेऊन व्हॉल्व्ह खालीं येईल असें चाक फिरवावें, आधीं पाणी काढावें आणि मग चाकास हात घालावा.

तिसरी पायरी : छिद्र

भार आधारावर आणि हवा बाहेर, अशी स्थिति झाली म्हणजे मगच छिद्राचा विचार करावा. त्यांत पहिला प्रश्न, छिद्र आहे कोठें? जमिनीवर टेकणाऱ्या नक्षीच्या मधल्या पट्ट्यांत असेल तर दुरुस्ती होते. खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतींत असेल तर मोटारीच्या टायराची दुरुस्ती करूं नये. तो भाग प्रत्येक फेऱ्यास वांकतो आणि तेथें कोणतेंही ठिगळ टिकत नाहीं. छिद्राची रुंदी ६ मिलिमीटरपेक्षां अधिक असल्यास, किंवा आंतील तारा उघड्या पडल्या असल्यास, मोटारीचा टायर बदलणेंच श्रेयस्कर.

ट्यूब नसलेल्या टायरास बाहेरून चिकट दोरी खुपसून छिद्र बुजवितात. ही सोय वाटेवरची आहे. घरीं किंवा गांवीं पोंचेपर्यंत तिचा उपयोग करावा. पक्की दुरुस्ती करावयाची तर टायर रिमवरून उतरवून आंतून पाहिला पाहिजे, कारण हवा नसतां झालेली इजा आंतूनच दिसते. छिद्रांत रबरी खुंटी आणि आंतल्या बाजूनें ठिगळ, असें दोन्ही लागतें. खुंटी पाणी आंत शिरूं देत नाहीं, आणि ठिगळ हवा बाहेर जाऊं देत नाहीं.

ट्यूब असलेल्या चाकाचें काम आपल्या परिचयाचें आहे. तरी त्यांतील कांहीं चुका नित्य दिसतात. ट्यूबमध्यें थोडी हवा भरून ती पाण्यांत धरावी आणि बुडबुडे येतील तेथें खूण करावी. जागा कोरडी करून कानशीनें वा काचकागदानें खरखरीत करावी. गुळगुळीत रबरावर ठिगळ धरत नाहीं. सोल्युशन पातळ लावून तें बोटास चिकटेल पण ओलें लागणार नाहीं इतकें सुकूं द्यावें, आणि मग ठिगळ मध्यापासून कडेकडे दाबीत बसवावें. ओल्या सोल्युशनवर घाईनें लावलेलें ठिगळ उन्हांत सुटतें. या सोल्युशनची वाफ भडका घेणारी असल्यामुळें जवळ विडी, चूल वा कंदील नसावा. व्हॉल्व्हाच्या बुडाशीं फाटलेली ट्यूब मात्र टाकून द्यावी.

ठिगळ लावलें म्हणजे संपलें नाहीं. टायराच्या आंतील सर्व बाजू चिंधीनें पुसून पाहाव्या. उघड्या बोटानें चांचपूं नये, कारण कांटा बोटांत शिरतो. ज्या कांट्यानें छिद्र पाडलें तो बहुधा तेथेंच रुतलेला असतो. तो न काढतां नवी ट्यूब घातली तरी कोसभरांत पुन्हा पंक्चर होतें आणि दोष कारागिरास लागतो. ट्यूबला शंखजिऱ्याची भुकटी लावून ती पीळ न पडतां बसवावी.

पुन्हां हवा भरणें व चाक चढविणें

मोटारीच्या टायराची कड रिमवर बसवितांना ४० पौंडांवर दाब नेऊं नये. तेवढ्यावर न बसल्यास हवा सोडावी, साबणाचें पाणी लावावें आणि पुन्हां प्रयत्न करावा. कड्याच्या चाकांत आधीं थोडीशीच हवा भरून कडें सर्व बाजूंनीं खांचेंत बसलें कीं नाहीं हें पाहावें, आणि बाकीची हवा चाक पिंजऱ्यांत ठेवूनच भरावी. दाब चढल्यावर कडें हातोड्यानें ठोकून बसविणें हें मरणास निमंत्रण होय. चुकलें असें दिसतांच आधीं हवा सोडावी, मग हात लावावा.

दाब किती ठेवावा हें अंदाजानें ठरवूं नये. मोटारीच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर तो बहुधा छापलेला असतो. ट्रॅक्टरचा त्याच्या पुस्तकांत असतो. दाब थंड चाकांत मोजावा. उन्हाळ्यांत दूर चालून आलेल्या चाकांत दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडूं नये. चाक थंड झाल्यावर ती कमी पडते.

चाक चढवितांना नटाची निमुळती बाजू आंत घ्यावी. नट एका ओळीनें न आवळतां, एक सोडून पलीकडचा, अशा क्रमानें थोडे थोडे आवळावे. गाडी खालीं उतरवून मग पूर्ण जोर द्यावा. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हां एकदां पाना लावून पाहावा. नवीन बसविलेलें चाक सैल पडण्याचा संभव असतो.

पूर्वकाळजी

ज्या रानांत तुरीचीं वा पऱ्हाटीचीं धसकटें उभीं आहेत, तेथें रबरी चाक नेण्यापूर्वीं तीं जमिनीलगत कापावीं किंवा उपटावीं. तिरकस छाटलेलें धसकट भाल्यासारखें शिरतें. महिन्यांतून एकदां चारही चाकांबरोबर स्टेपनीचीही हवा मोजावी. टायराच्या बाजूवरील चार आंकड्यांत तो बनल्याचा आठवडा व वर्ष असतें. उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुना टायर घेतांना हे आंकडे अवश्य वाचावे.

हवा भरण्याचा पिंजरा, भारी जॅक, लांकडी ठोकळे व लांब नळी हें साहित्य प्रत्येकानें विकत घेणें परवडणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु ज्या गांवांत आठ-दहा ट्रॅक्टर आहेत, तेथें सर्वांनीं मिळून एक संच ठेवणें अवघड नाहीं. पंक्चर काढणारा मुलगा पुष्कळदां कोवळ्या वयाचा असतो; तो धोका पत्करतो, कारण गिऱ्हाईकास घाई असते. गिऱ्हाईकानेंच “पिंजऱ्यांत ठेव, मी थांबतों” असें म्हटलें तर ती घाई उरत नाहीं.

शेवटीं, ट्रॅक्टर उभा करण्याच्या जागीं भिंतीवर लिहून ठेवावे असे नियम येथें देतों:

१. माणसें आधीं उतरवा. गाडीखालीं कोणी नाहीं हें वांकून पाहा.
२. चाकांस पाचरी, जॅकखालीं फळी, आंसाखालीं ठोकळे.
३. व्हॉल्व्हाचा गाभा काढल्यावांचून चाक खोलूं नका.
४. हवेवांचून धांवलेला टायर उतरवून तपासल्यावांचून भरूं नका.
५. कड्याचें चाक पिंजऱ्यावांचून भरूं नका, आणि त्याच्या समोर उभे राहूं नका.
६. छिद्राचा विचार सर्वांत शेवटीं.

हे नियम चालकास व सालगड्यास वाचून दाखवावे, आणि वाचतां येत नसेल त्याजकडून एकदां प्रत्यक्ष करवून घ्यावे. अर्धा तास उशिरा पोंचलेला ऊस वजनांत किंचित् घटेल. त्याचा तोटा पुढील खेपेंत भरून निघतो.